कॅपसाठी आठ दिवसांनी या

पारस, आज एकतीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. सकाळी स्कूटी लावताना भांडते, हातमोजे चढवताना भांडते, पेशंटच्या तोंडात आरसा घातला की हटकून भांडते. परवा एक आजोबा आ वासून पडल्या पडल्या म्हणाले, "ताई, तुमी कोनाशी बोलून राह्यल्या?" मी म्हटलं, तुमच्या दाढेशी. त्या बिचाऱ्यांनी अजून मोठा आ केला.

लोक येतात, तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि तू किती देवमाणूस होतास ते मला सांगतात. मला ऐकवत नाही. कसला देवमाणूस? एक नंबरचा हट्टी होतास. मंगरूळपीरच्या त्या दोन गाळ्यांत चौदा वर्षं आपण शेजारी शेजारी खुर्च्या टाकून दात बघितले, मधे फक्त प्लायवूडचं पार्टिशन. आणि त्या चौदा वर्षांत आपलं खरं भांडण एकच. नस काढलेल्या दाढेवर काय बसवायचं? भाऊ-भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, आपण दाढेवरून भांडलो. तुझी बायको, सुजाता म्हणायची, तुम्हा दोघांना दुसरा विषय नाही का? नव्हता. खरंच नव्हता.

मला एका जागी बसवत नाही हल्ली. धुतलेली हत्यारं पुन्हा धुते. ड्रॉवर उघडते, काय घ्यायला उघडला ते विसरते. म्हणून आज लिहायला बसले आहे, की निदान भांडण तरी पूर्ण होऊ दे. तू मधेच उठून गेलास ना.

शेवटचा शुक्रवार आठव. तुझ्या खुर्चीत शेलूबाजारच्या चंद्रकलाबाई होत्या. अर्ध्या एकरात मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात, बाजारात स्वतः बसून विकतात. डावीकडच्या खालच्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल तू त्या दिवशी पूर्ण केलंस. उजवीकडच्या दाढा त्यांनी कधीच उपटून टाकलेल्या, म्हणजे भाकर चावायची ती याच एका दाढेनं. तू दाढेत घट्ट सिमेंट भरलंस आणि म्हणालास, "हे तात्पुरतं आहे मावशी. कॅपसाठी आठ दिवसांनी या. हिरडीवरची ही पुटकुळी सुकू द्या, मंग पक्कं काम करू. आन मी म्हनत नाही तोपर्यंत या बाजूनं काही चावाचं नाही."

त्या "बरं" म्हणून गेल्या आणि मी पार्टिशनच्या कडेनं डोकं काढलं. म्हटलं, पारस, त्या येणार नाहीत. आजच पक्कं भरायचं होतंस.

"येतीन. सांगतलं आहे मी."

"तू सांगितलंस म्हणून? अरे, त्यांचा सांबार काढणीला आलाय, मेथी उभी आहे, बाजाराचे दिवस सोडून त्या दाढेसाठी जीपमध्ये बसणार? दुखणं थांबलं की माणूस येत नाही. आणि आठ दिवस त्या बाजूनं चावणार नाहीत म्हणे! मग जेवतील कशा?"

"राह्यते माणूस, नीट सांगतलं की राह्यते."

मग मी जे बोलले ते मला आजही कानात ऐकू येतं. म्हटलं, "तुला दाढ वाचवायची नाही, तुला तुझा शब्द वाचवायचा आहे." आणि माझ्या खुर्चीकडे निघून गेले. थोड्या वेळानं पार्टिशनच्या पलीकडून तुझा आवाज आला, "रेखे, चहा सांगू का?" मी ऐकलं होतं. ऐकूनही उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी सुजाताचा फोन आला.

एका चहाला हो म्हणायला काय गेलं असतं माझं?

तुला माहीतच आहे, मी माळ्याची लेक. माझी आई अशीच बाजारात बसायची, वांग्याच्या ढिगामागे. तिच्या दाढा कशा गेल्या ते मी बघितलं आहे. दुखली की लवंग, फार दुखली की गोळी, आणि थांबली की विषय संपला. म्हणून माझं म्हणणं कायम हेच की खुर्चीतून उठणारा माणूस परत येणार नाही असं धरूनच दाढेत काय भरायचं ते ठरवावं. दाढेची टोकं थोडी घासायची, त्यांच्यावरून पांढरं भरणं चढवायचं, निळ्या लाईटनं कडक करायचं, आणि जा बाई सुखानं. एका बैठकीत काम. सुरुवातीला आपण चांदी भरायचो तेव्हाही मी हेच करायचे, टोकांवरून चांदी चढवायचे. दिसायला काळी, पण वर्षानुवर्षं हलायची नाही.

आणि तू कापडवाल्याचा मुलगा. तुझ्या घरात दुकान चार पिढ्यांचं. गिऱ्हाईक परत येतं यावर तुमचं घर उभं. तू म्हणायचास, नस काढलेली दाढ म्हणजे आतून पोकळ. चार भिंती उभ्या, मधे छत नाही. भाकर चावली की भिंती बाहेरच्या बाजूला रेटल्या जातात, आणि आज ना उद्या एक भिंत मुळापर्यंत चिरते. आतून कितीही भरा, बाहेरून आवळलं पाहिजे. "गाडीच्या चाकाले लोखंडी धाव चढवतात का नाही? मंग? चाक कितीही मजबूत असलं तरी धाव लागतेच." पेशंटलाही हेच सांगायचास. सगळ्यांना पटायचं, ज्यांनी बैलगाडी फक्त पोळ्याला बघितली त्यांनाही.

खरं सांगू? अर्धं मला पटायचं. पण तुझ्या तोंडावर "पटलं" म्हणायची माझी कधी तयारी नव्हती. तुलाही माझं अर्धं पटायचं, मला ठाऊक आहे. पुढच्या मागच्या दोन्ही कडा शाबूत असल्या, भोक लहान असलं, तर तू गुपचूप पांढरं भरणं करून पेशंटला वाटेला लावायचास, आणि मी विचारलं की म्हणायचास, "ते वेगळं प्रकरण होतं." तुझी सगळीच प्रकरणं वेगळी होती बापा.

आणि तुझ्या आईची दाढ? काकींना पांढरीशुभ्र कॅप हवी होती. तू म्हणालास, एवढ्या मागं कोण बघणार, धातूची बसवू, दाढ कमी घासावी लागते. काकी म्हणाल्या, "मले जांभई येत नाही का?" मी इतकी हसले की माझ्या खुर्चीतला पेशंट उठून बसला. शेवटी पांढरीच बसवलीस, आणि नंतर महिनाभर काकी प्रत्येक पाहुण्यासमोर जांभया देत होत्या.

असे हसायचो आपण. आणि हसणं संपलं की मी उत्तमरावांना पुढे करायचे.

उत्तमराव केनवडचे. त्यांची मुलगी मंगरूळपीरला दिलेली, तिच्याकडे आले असताना तू त्यांच्या दाढेची नस काढलीस आणि नेहमीप्रमाणे म्हणालास, कॅपसाठी आठ दिवसांनी या. तीन महिन्यांनी आले ते दाढ उभी दुभंगून. काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. तूच ती काढलीस. काढताना तुझा चेहरा मी बघितला होता. नंतर तू त्यांच्यासमोर हात जोडलेस, "चूक माझी आहे, मी फोन कराले पाह्यजे होता." त्या दिवसापासून तू एक वही केलीस. आठव्या दिवशी प्रत्येकाला स्वतः फोन करायचास. "मावशी, दाढ कशी आहे? या बरं उद्या."

आणि मी? भांडण माझ्यावर उलटायला लागलं की मी म्हणायचे, "केनवडची दाढ विसरलास वाटतं?" तू लगेच विषय सोडायचास. हे हत्यार मी नऊ वर्षं वापरलं. त्याबद्दल पुढे सांगते. सांगायचंच आहे, पण आधी चंद्रकलाबाई.

तू गेलास आणि मी दवाखान्याला कुलूप लावलं. उठावण्याच्या शोकसभेला आले, सुजाताजवळ बसले, घरी गेले आणि दहा दिवस मंगरूळपीरच्या त्या रस्त्यालाच फिरकले नाही. नवरा म्हणाला, जा, कामात मन लागेल. मी म्हटलं, कोणाशी भांडू तिथे? अकराव्या दिवशी शटर उघडलं. तुझ्या टेबलावर तुझी वही होती आणि शेवटचं नाव चंद्रकलाबाईंचं. आठवा दिवस उलटून गेला होता. त्यांना फोन कोणी केलाच नव्हता.

मी फोन लावला. त्यांच्या मुलाचा नंबर, तोही बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी बंद. मला सांग पारस, मला बरं वाटायला हवं होतं ना? मी म्हणत होते तसंच झालं, बाई आली नाही. मी जिंकले. आणि मला रात्री जेवण जाईना. त्या दाढेत सिमेंट आहे फक्त. भाकर खाणारी बाई. एक खडा चावला तरी भिंत जाईल. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला जिंकायचं नव्हतं. मला ती बाई यायला हवी होती, तुझ्यासाठी.

शेवटी बाजाराच्या दिवशी दुपारचे पेशंट पुढे ढकलले आणि शेलूबाजारला गेले. भाजीच्या ओळीत शोधत फिरले. चंद्रकलाबाई सांबाराच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मला बघून हातातला दोरा तसाच राहिला.

"रेखाताई? तुमी इथं काहून?"

"तुमची दाढ पाह्याले आली."

"माय वं! दाढ पाह्याले कोनी बजारात येते का?"

"मंग काय करू? तुमी आल्याच नाही आठ दिवसानं."

त्या एकदम ताठ बसल्या. "कोन म्हन्ते नाई आली? आली होती ना मी! आठ दिवस मोजून आली. सकायच्या जीपनं आली. तुमचंच शटर बंद."

आणि पुढे म्हणाल्या, "चौकात डाक्टरचा एवढा मोठा फोटो लावेल होता. हसरा, हात जोडेल. मले काय वाचता येते? म्हनलं, वाढदिवस असन. नाई तं डाक्टर इलेक्शनले उभे राह्यले असन. म्हनून दवाखाना बंद ठेवला. मी तं घरी येऊन सुनेले सांगतलं, डाक्टरचा वाढदिवस व्हता, लय मोठा फोटो लावला, पुढच्या हप्त्यात जातो. मंग दुसऱ्या दिवशी जीपवाला म्हने, मावशी, कायचा वाढदिवस घेऊन बसली."

पारस, तो फ्लेक्स तुझ्या मित्रांनी लावला होता. खाली श्रद्धांजली लिहिलं होतं, पण फोटो तू मुलीच्या शाळेत बक्षीस वाटायला गेलास तेव्हाचा. आपल्याकडे चौकात हसरा फोटो लागला की वाढदिवस नाही तर इलेक्शन, तिसरं कोणाच्या मनात येणार? आणि बंद शटरवर एक कागद चिकटवायचं मला सुचलं नाही. कागद असता तरी त्यांना वाचता आला नसता, ही पळवाट मी स्वतःला देऊन बघितली. शेजारच्या मेडिकलवाल्याला दोन शब्द सांगून ठेवता आले असते. नाही सांगितले.

"मंग नंतर काहून नाही आल्या?" मी विचारलं.

"कोनाकडं येऊ? ज्याच्या हातानं सुरू केलं त्याच्याच हातानं पुरं व्हा लागते. त्याहीचा हातगुन व्हता. म्हनलं, आपल्या दाढेचं आता एवढंच."

"दुखते?"

"नाई."

"जेवता कशा?"

"वरनात भाकर कुसकरून खातो. डाक्टरनं सांगतलं व्हतं ना, मी म्हनत नाही तोपर्यंत चावाचं नाही." त्यांनी जुडीला गाठ मारली. "आता म्हनाले ते नाई राह्यले. मंग मी चावू कशी?"

तीन आठवडे, पारस. तीन आठवडे ती बाई भाकर कुसकरून गिळत होती, कारण चाव म्हणणारा माणूस गेला होता. मी तिथेच, सांबाराच्या ढिगाशेजारी, चपलांसकटच खाली बसले आणि रडले. गिऱ्हाइकं थांबून बघत होती. चंद्रकलाबाई त्यांना म्हणाल्या, "घरचं मानूस गेलं त्याहीचं."

आता उत्तमरावांचं सांगते.

उत्तमराव आले होते, पारस. आठव्याच दिवशी आले होते. तू त्या दिवशी अकोल्याला कसल्याशा शिबिराला गेला होतास. माझ्याकडे बाकड्यावर सात-आठ पेशंट, डब्याची वेळ टळून गेलेली, डोकं फिरलेलं. ते दारात उभे राहून म्हणाले, "कॅपचं माप द्याले आलो जी." मी खुर्चीवरून मानही वर केली नाही. म्हटलं, डॉक्टर नाहीत, उद्या या. ते म्हणाले, "केनवडहून आलो जी, दोन गाड्या बदलून." मी म्हटलं, मग परवा या. "बरं जी," म्हणाले आणि गेले. माप घ्यायला मला किती वेळ लागला असता? पाऊण तास. तुझी दाढ म्हणून मी हात लावला नाही. माझी असती तर घेतलं असतं.

तीन महिन्यांनी ते दुभंगलेली दाढ घेऊन आले तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी एक्स-रे उजेडाला धरला. तो माणूस एक अक्षर बोलला नाही, आणि तू हात जोडून त्यांची माफी मागितलीस, मी मागू दिली. मग तुझ्याच विरुद्ध ती दाढ नऊ वर्षं वापरली. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता काय सांगायचं, जुनी गोष्ट झाली. तुझी वही दिसली की मात्र मी दुसरीकडे बघायचे. मला लाज वाटते पारस. तू जिवंत असतास तर एवढं सगळं तुला सांगितलं असतं की नाही, तेही मला नक्की माहीत नाही. तू रागावला असतास का? तू रागावायला हवं होतंस. एकदा तरी, माझ्यावर, दणकून.

मी या म्हटलं म्हणून चंद्रकलाबाई त्याच दिवशी बाजार उठल्यावर चारच्या जीपनं आल्या. आल्या त्या थेट तुझ्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्या खुर्चीवर मी तोवर पेशंट घेतला नव्हता. त्यांना कसं सांगणार, इकडे या म्हणून? मीच दिवा ओढला, तुझं स्टूल ओढलं. ते मला बुटकं होतं.

पुटकुळी सुकली होती. सिमेंट कडेला जरा झिजलेलं, पण खाली कोरडं होतं, आत काही झिरपलेलं नव्हतं. चारही भिंती उभ्या. हात सवयीनं पांढऱ्या भरण्याकडे गेला. तासाभरात टोकांवरून चढवून दिलं असतं, परत यायची भानगड नाही. मग मागची कड बघितली. ती हिरडीच्या खाली गेलेली, आरसा लावला की रक्त पाझरायचं. तिथे ओल राहणार, आणि ओलीवर ते भरणं धरत नाही. हे तुला त्या शुक्रवारी दिसलं होतं. तू मला सांगितलं नाहीस, कारण मी विचारलंच नव्हतं, मी फक्त भांडले होते. पण माझंही ऐक. जिभेकडच्या भिंतीवर केसाएवढी रेघ दिसत होती. ती नुसत्या सिमेंटवर अजून आठ दिवस सोडण्यासारखी नव्हती. म्हणून आतलं सगळं काढून पांढरं भरणं घातलं, माझं. बाहेरून धातूच्या कॅपसाठी घासलं आणि माप घेतलं, तुझं. तोवर राहावी म्हणून वर तात्पुरती कॅप चिकटवली. इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल एका दाढेत लागला आणि बघायला तू नाहीस. वैताग येतो रे.

"पांढरी कॅप पाह्यजे का?" मी विचारलं.

"तिथं कोन पाहून राह्यलं मले? धड राह्यली म्हनजे झालं."

मग मी ते वाक्य म्हटलं. कॅपसाठी आठ दिवसांनी या. हे मी याआधी कधी कोणाला विश्वासानं म्हटलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "तवरोक चावू का?" मी म्हटलं, नाही. मी म्हणेपर्यंत नाही.

ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कॅप अकोल्याहून आली, मी डबी उघडून दहा वेळा बघितली. आणि त्यातच चौथ्या दिवशी सुजाता आली. तुझी गाडीतली बॅग घेऊन. म्हणाली, यात पेशंटचे कागद असतील, बघून घे. पेशंटचे होतेच. त्यात एक कागद तुझा होता, अकोल्याच्या हृदयाच्या डॉक्टरांचा, दिवाळीच्या आधीचा. तपासण्या लिहिलेल्या आणि खाली, आठ दिवसांनी परत दाखवणे.

मी सुजाताकडे बघितलं. ती म्हणाली, "छातीत दुखलं होतं एकदा. गोळ्यांनी थांबलं. मी म्हटलं जाऊन या, तर म्हणाले, थांबलं ना आता दुखायचं, मग कायले?"

मी टेबलावर हात आपटला. सुजातासमोर, तिच्या दुःखाचा विचार न करता. "दुखणं थांबलं ना, मग कायले?" हे वाक्य आपण किती तोंडांतून ऐकलं असेल? तू त्याची नक्कल करायचास! लोकांना वहीत लिहून फोन करणारा माणूस, आठ दिवसांनी या म्हणून हात जोडणारा माणूस, आणि स्वतः? मला का नाही सांगितलंस? पार्टिशनच्या पलीकडे होते मी. तुला ओढत नेलं असतं. शिव्या घालत नेलं असतं. माझं म्हणणं होतं ना की दुखणं थांबलं की माणूस परत जात नाही? चौदा वर्षांत मला एकच खरा पुरावा मिळाला आणि तो तू निघालास. नको होता मला. घे परत.

मग सुजातानंच चहा मागवला.

आठव्या दिवशी, म्हणजे काल, मी नेहमीपेक्षा तासभर आधी गेले. तर चंद्रकलाबाई शटरपाशी पायरीवर बसलेल्या, पदरात काहीतरी बांधलेलं. म्हणाल्या, "म्हनलं बंद असन तं असन. या टायमाले उघडेपर्यंत बसतो."

कॅप बसली. पहिल्या झटक्यात बसली, मागची कड झाकून, कुठे फट नाही. निळा कागद चाववून बघितला, एक ठिपका उंच होता तो घासला. रेघेची भिंत आता आवळलेली आहे, हलणार नाही. मी दिवा बाजूला केला आणि म्हटलं, चावा आता.

त्यांनी पदराची गाठ सोडली. भाकरीचा तुकडा होता, कोरडा. डोळे मिटून हळूहळू चावला. मी तोंडाकडे बघत उभी. गिळून झाल्यावर म्हणाल्या, "डाक्टरले वाटलं असन मी आलीच नाई म्हनून. तुमी सांगजा त्याहीले."

सांगते आहे. चंद्रकलाबाई दोन्ही वेळा आल्या, पारस. तू एकदा तरी जायचं होतंस रे.